पुढच्या पानाचा पहिला शब्द

"ग्रंथात तसंच लिहिलंय," असं थोरलीने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तिला वाटलं की विषय मिटला. नवरा वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत, अगदी सासरचेसुद्धा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं?" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हा त्याचा धंदा. थांबायची त्याला सवय होती. ग्रंथ म्हटल्यावर तो "बरं" म्हणाला आणि आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

हे घडलं थोरलीची आई गेल्यानंतर थोड्या दिवसांनी. रोज झोपताना तो बायकोच्या पाठीवर तळहात ठेवायचा, लग्नापासूनची सवय, तसा त्याने त्या दिवशीही ठेवला. शेवटचे महिने थोरलीनेच आईला अंघोळ घातली होती. पाठ, मान, दंड, बोटांच्या बेचक्या, सगळं ओल्या फडक्याने पुसून काढायचं. त्या पाठीची कातडी कशी कशी सैल होत गेली हे तिच्या बोटांना तोंडपाठ झालं होतं. आणि आता स्वतःच्या पाठीला एका माणसाच्या हाताची ऊब लागली, आणि ती तिला आवडली. आवडली म्हणूनच ती ताडकन उठून बसली. त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. खरं ते सांगता येईना, म्हणून तिने ग्रंथ पुढे केला. घरात माणूस गेलं की नवरा-बायकोने अंथरुणं वेगळी करायची असतात, आईने वाचलेलं मी लहानपणी ऐकलंय, असं ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

मग ती वडिलांकडे आठवडाभर म्हणून राहायला गेली. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान तळमजल्यावर आणि राहायच्या दोन खोल्या वर. पहिल्या आठवड्यात आईची औषधं आवरायची होती. मग पडदे धुवायचे होते. मग वडिलांना खोकला झाला. खोकला बरा झाला, पडदे वाळून पुन्हा मळायला लागले, तरी थोरली आपली तिथेच. तिचं काम मुद्रितं तपासायचं, ते कुठेही बसून करता येई. दुकानातल्या लांब टेबलाच्या टोकाला ती प्रकाशकाकडून आलेले कागद घेऊन बसायची, दुसऱ्या टोकाला वडील पुठ्ठे कापत असायचे, आणि मध्ये आईची रिकामी खुर्ची.

चष्मेवाला दर रविवारी यायचा. येताना तिने मागवलेलं काहीतरी पिशवीत घालून आणायचा. कधी स्वेटर, कधी घरातल्या चपला, एकदा दोन्ही हातांनी छातीशी धरून जाडजूड शब्दकोश. तो आला की वडील म्हणायचे, "या जावईबापू. आता फक्त कपाट आणायचं राहिलंय."

"ते पुढच्या रविवारी," तो म्हणायचा. "आज पाठ दुखतेय."

दोघं हसायचे. थोरली चहा ठेवायला वर जायची.

अशाच एका रविवारी तो जरा लवकर आला. वडील वर अंघोळीला गेले होते. तो आईच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, तिच्यावर बसला नाही, आणि म्हणाला, "समुद्रकाठच्या त्या इस्पितळाचं पत्र आलंय. डोळ्यांचा नवा विभाग काढलाय त्यांनी. चष्म्याचं सगळं माझ्याकडे द्यायला तयार आहेत."

"मग घे की. तुला हवंच होतं ना?"

"घेणारच आहे. राहायची सोयही देतायत. पण ते विचारतायत, दोघांचं घर हवं की एकट्याची खोली. बुधवारपर्यंत कळवायचंय."

थोरलीने हातातली पेन्सिल कागदावर ठेवली, पुन्हा उचलली.

"मी तुला घाई करत नाही," तो म्हणाला. "म्हणजे करतोय, पण मी नाही, ते करतायत. तू म्हणालीस ग्रंथात लिहिलंय. मी काही वाचणारा नाही, तू वाचणारी आहेस. मला एवढंच सांग, त्यात किती दिवस सांगितलेत?"

"वर्षभर असेल."

"असेल म्हणजे?"

"मी लहान होते रे. नीट आठवत नाही."

"मग बघून सांग ना. पुस्तक तर इथंच आहे." त्याने फळीकडे बोट केलं. "वर्ष असेल तर वर्ष. दोन असतील तर दोन. मी त्यांना तसं कळवीन. पण अंदाजाने नको गं. अर्धा नंबर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं."

तेवढ्यात धाकटी आली, नेहमीसारखी दार आपटत. ती पोहायला शिकवायची. तलावावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की कानात सांगितलेलंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. केस ओले, खांद्यावर पंचा.

"काय भाऊजी, आज काय आणलंत? घरात भिंती तरी उरल्यात का?"

"उरल्यात. त्यांना तुझी ताई आठवते."

"ताई," धाकटी बहिणीकडे वळली, "हे काय चाललंय तुझं, मला एकदा सांग. एरवी ग्रंथबिंथ म्हटलं की नाक मुरडणारी तू. चार कपाटं भरून पुस्तकं वाचलीस, आणि नवऱ्याला बाहेरच्या खोलीत धाडायला बरी तुला नेमकी तीच पोथी सापडली?"

"हळू बोल, बाबा ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही प्रश्न पडलाच असेल."

थोरलीने पुढचा कागद ओढला. धाकटीचं बोलणं तिला लागलं, कारण ते बरोबर होतं. मरणाबद्दल आणि मागे राहिलेल्यांबद्दल जगात जे जे चांगलं लिहिलं गेलंय, त्यातलं बरंच तिने वाचलं होतं. आई गेल्यावर त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही. कामाला आली ती लहानपणी ऐकलेली एक ओळ, आणि तीही दाराला कडी लावावी तशी.

जेवणं झाल्यावर चष्मेवाला निघाला. पायरीवर थांबून म्हणाला, "बुधवार."

"बघते मी," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तिने ग्रंथ खाली काढला.

ग्रंथ तसा मोठा होता, पण घरात त्याचा बडेजाव नव्हता. खळीच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, हत्यारांच्या शेजारी तो असायचा. आई रोज दुपारी काम थांबलं की त्यातलं एखादं पान वाचायची. वडील त्यात कधी डोकावले नाहीत. "आतलं ती बघते, बाहेरचं मी बघतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि ते शब्दशः खरं होतं. छापखान्यातून घडी घातलेले फर्मे यायचे, फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. ते क्रमाने लावायचं आणि दाभणाने शिवायचं काम आईचं. पुठ्ठा, कापड, खळ, शिकंजात दाबून ठेवणं, हे वडिलांचं. आईच्या हातून फर्म्याचा क्रम कधी चुकला नाही. दुसऱ्या बांधणीवाल्यांकडून पानं उलटीपालटी झाली की प्रकाशक ती पुस्तकं हिच्याकडे दुरुस्तीला पाठवायचे.

थोरलीला त्या वाचनाची आठवण स्वच्छ होती. तेव्हा तिचा एक लहान भाऊ होता. थोडेच दिवस होता. त्याला घरात नुसतं बाळ म्हणायचे, नाव ठेवायचं राहून गेलं. बाळ गेल्यावर आईने वर बसणं सोडलं. दुकानात काम नव्हतं, तर तिने घरातला हा जुना ग्रंथच काढला. त्याची शिवण पार गेली होती, फर्मे सुटे झाले होते. घरच्या पुस्तकाला तोवर कधी दुरुस्तीचा हात लागला नव्हता, तो त्या दिवसांत लागला. आईने फर्मे लावले, शिवले, वडिलांनी पुठ्ठा चढवला. शिकंजातून पुस्तक बाहेर निघाल्यावर आईने ते याच टेबलावर उघडलं आणि एक पान मोठ्याने वाचलं. वडील ऐकत होते. त्यानंतर वडील खाली झोपायला लागले, कागदाच्या गठ्ठ्यांवर गादी टाकून. सकाळी त्यांची उशी वर नेऊन ठेवायचं काम थोरलीकडे होतं. उशीला खळीचा वास यायचा. मग केव्हातरी उशी वरच राहायला लागली, आणि पुढे धाकटी झाली.

जुन्या छपाईत पानांवर आकडे नव्हते, म्हणून थोरलीने अनुक्रमणिकेतला भागांचा क्रम पाहिला, गृहस्थाची कर्तव्यं सांगणारा भाग काढला आणि पान सापडलंसुद्धा. डाव्या हाताच्या पानाच्या अगदी तळाशी ते होतं.

"ज्या घरातून माणूस गेले, त्या घरातील पती-पत्नींनी अंथरुणे वेगळी करावीत व एकमेकांस स्पर्श करू नये."

तिने उजवीकडच्या पानावर नजर नेली. "विहिरीचा काठ खचल्यास तो गावाने मिळून बांधावा," तिथे लिहिलं होतं. मग विहिरीचा गाळ, मग पाण्याच्या वाटण्या.

किती दिवस, ते कुठेच नव्हतं.

थोरली तशीच बसून राहिली. खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. मुदत नाही म्हणजे हवं तेवढं लांबवायला मोकळीक. पण तिला बरं वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे समुद्रकाठची ती एकट्याची खोली आली. एक खाट, एक खुर्ची, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली रिकामी पिशवी.

मग सवयीने तिची नजर पुन्हा डाव्या पानावरून खाली उतरली. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर वाक्यापाशी थांबत नाही, पार कागदाच्या कडेपर्यंत जाते. पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात, ओळीखाली, बारीक ठशात एक सुटा शब्द छापला होता.

"परंतु".

"बाबा," तिने हाक मारली, "जुन्या पुस्तकांत पानाच्या खाली हा एकच शब्द का छापायचे?"

वडील खळ ढवळत होते. वर न बघता म्हणाले, "ती आमच्यासाठी सोय. पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच्या पानाखाली छापायचा. म्हणजे बांधणाऱ्याला वाचता आलं नाही तरी चालतं, नुसता शब्दाला शब्द जुळवायचा. तुझी आई बोटाने बघायची. खालचा शब्द, वरचा शब्द. खालचा, वरचा. मला वाटायचं माळ ओढतेय."

"इथे खाली 'परंतु' आहे आणि पुढचं पान 'विहिरीचा' असं सुरू होतं."

पळी थांबली.

"नीट बघ."

"बघितलं."

वडील हात पुसत आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, जावयानेच करून दिलेला. खालच्या शब्दावर बोट ठेवलं, पलीकडच्या पानावर ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग पुस्तक उचलून वरच्या बाजूने शिवणीत डोळा घातला. "फर्मा इथेच संपतो," ते म्हणाले. "पुढचा दुसराच लागलाय." आणि थोड्या वेळाने, जणू कुणी दुसऱ्या दुकानाची तक्रार घेऊन आलं असावं तसे, "हे आमच्याकडे होत नाही."

"ह्यातलंच वाचून तुम्ही खाली झोपायला लागलात ना?"

वडिलांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. आईच्या खुर्चीकडे गेले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्यावर बसले.

"हे लेकीशी बोलायचं नसतं," ते म्हणाले. "पण जिने बोलायचं ती नाही, आणि तू इथे येऊन राहिलीयस. धाकटी बोलते ते मला सगळं ऐकू येतं." त्यांनी टेबलावरचं दाभण उचललं, तिथेच नीट सरळ ठेवलं. "तिने वाचलं, मी मानलं. किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, लिहिलं नाही म्हणजे शेवट नाही. मी म्हटलं, बरं. मी तेव्हा सगळ्याला 'बरं'च म्हणत होतो. ती दिवसभर इथं माझ्यासमोर शिवायची आणि दिवेलागणीला वर जायची. दोघंही बाळाबद्दल बोलत नव्हतो. नुसतं 'दोरा द्या', 'कात्री द्या'."

"मग?"

"मग एके दिवशी दुपारी, तू शाळेत होतीस, ती खळीचं भांडं हातात घेऊन जिन्यात उभी राहिली. म्हणाली, 'अहो, वर चला. मला वर एकटीला होत नाही.' मी म्हटलं, अगं, ग्रंथाचं काय? तर म्हणाली, 'ग्रंथाचं बाळ गेलेलं नाही. आपलं गेलंय.'"

बाहेरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेली, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

"तिने ते पान नंतर कधी काढलं नाही," वडील म्हणाले. "त्या जागी आली की दोन-चार पानं एकदम उलटायची. तू पाहिलं असशील."

थोरलीने पाहिलं होतं. तिला वाटायचं, पानं चिकटली असतील.

"आणि धाकटी झाल्यावर तर जास्तच. तिला साधी शिंक आली तरी तुझी आई पांढरी पडायची. मी विचारलं एकदा, काय गं, एवढी का घाबरतेस? म्हणाली, 'मी नियम मोडून आणलीय तिला. कधी ना कधी जाब विचारतील.' कोण विचारणार, ते नाही म्हणाली."

थोरलीला तलावाचा काठ आठवला. धाकटी पाण्यातून बाहेर पडायची, आणि आई भर उन्हात दोन्ही हातांत पंचा पसरून उभी, चेहऱ्यावर अशी भीती की पाहणाऱ्याला हसू यावं. सगळे हसायचेच. धाकटी तर आईला लाइफगार्ड म्हणायची.

"हरवलेला फर्मा ह्यातच असणार," थोरली म्हणाली. "पानं तर सगळी आहेत, जाडी बरोबर आहे."

तिने शोधायला सुरुवात केली. विहिरीचा भाग खरा कुठे असायला हवा ते अनुक्रमणिकेत होतं, पुस्तकाच्या बरंच मागे, शेतीवाडीच्या नियमांत, जिकडे घरात कुणी कधी फिरकलं नव्हतं. तिथे जाऊन तिने पान उलटलं, आणि बांधांच्या आणि पाटांच्या मधोमध ते पान होतं, वरच्या पहिल्याच ओळीत "परंतु". दोन फर्म्यांची अदलाबदल झाली होती, एवढंच.

"मोठ्याने वाच," वडील म्हणाले.

तिने वाचलं.

"परंतु हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, व कधी संपवायचे तेही दोघांनीच ठरवावे. एकाने ठरवले व दुसऱ्याने सोसले, तर ते व्रत नव्हे. ज्यास अजून जमत नाही, त्याने तसे सांगावे. न सांगता दूर राहू नये. व ठरल्या वेळेआधी दोघांपैकी एकास एकटे राहवेना, तर त्याने दुसऱ्यास हाक मारावी. हाक मारणाऱ्यास दोष नाही, व हाकेस ओ देणाऱ्यास दोष नाही."

वडिलांनी मान खाली घातली. थोरलीला वाटलं ते रडतायत, पण ते आपल्या हातांकडे बघत होते, बोटांवर वाळलेल्या खळीकडे.

"म्हणजे तिने हाक मारली होती," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"दोष नव्हता."

"नव्हता."

"एक फर्मा," वडील म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "अख्ख्या जन्मात बाईचा एक फर्मा चुकला, आणि तोही घरचा! गिऱ्हाइकाचा असता तर परत तरी आला असता. तो घेऊन ती तशीच..." ते उठले, विनाकारण खळीच्या डब्यांची झाकणं घट्ट लावली, खिडकी उघडली, बंद केली.

थोरलीने त्यांना आवरू दिलं. ती स्वतः एका वाक्याशी अडली होती. एकाने ठरवले व दुसऱ्याने सोसले. उशी उचलून बाहेर जाताना चष्मेवाल्याने दिवा मालवू का असं विचारलं होतं, तेवढंच.

थोड्या वेळाने वडील परत येऊन बसले. आता चेहरा कामाचा होता. "शिवण उसवावी लागेल," ते म्हणाले. "एक फर्मा काढून पुढे घालता येत नाही, सगळे एकाच दोऱ्यात आहेत." त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके अजून पक्के होते, एकसारखे, आईचे.

"राहू दे मग. आपल्याला कळलं ना."

"नाही गं. चूक कळल्यावर पुस्तक तसंच ठेवायचं नाही, हे तिनेच मला शिकवलंय. ती असती तर पुठ्ठा काढायलासुद्धा थांबली नसती."

त्यांनी पाण्याचा हात लावून पुठ्ठा सोडवला आणि पातळ पात्याने दोरा कापला. एकेक टाका सुटताना बारीक आवाज होत होता. मग सगळे सुटे फर्मे थोरलीपुढे ठेवून ते म्हणाले, "तू लाव. मी बघत नाही आतलं." आणि थोरलीने लावले. खालचा शब्द, वरचा शब्द. वाचायचं नाही, नुसतं बोटाने जुळवत जायचं. बरंच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हात हलतायत आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि दोन्हींना एकमेकांची अडचण होत नाहीय.

संध्याकाळी तिने धाकटीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे तलावाचा गोंगाट होता.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. म्हणजे मी रीतसरच होते म्हणायची." आवाज नेहमीचा नव्हता. "बिचारी गं. एवढे पंचे वाळवले तिने." मग नाक ओढून म्हणाली, "आणि तुझं काय? तुझं पुढचं पान सापडलं का?"

"उद्या जाते त्याच्याकडे."

"उद्या कशाला? बरं बाई, उद्या. पण जा."

मंगळवारी दुपारी ती चष्म्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला एका काडीचा बारीक स्क्रू शोधत टेबलावर नाक टेकवून बसला होता. तिला पाहून उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. डोळे तपासायच्या यंत्राच्या एका बाजूला त्याचं स्टूल असायचं आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाची खुर्ची. ती खुर्चीत बसली. त्याने यंत्र बाजूला सरकवलं. मध्ये काही उरलं नाही.

"ग्रंथात किती दिवस ते दिलेलं नाही," तिने सांगितलं. "मी तुला चुकीचं सांगितलं. अर्धंच सांगितलं. उरलेलं पान भलतीकडे लागलं होतं."

मग तिने ते पान त्याला सांगितलं. तोंडपाठ झालंच होतं. तो चष्मा पुसत ऐकत होता. "न सांगता दूर राहू नये" इथे ती थांबली, आणि पुढचं ग्रंथातलं नव्हतं.

"मला अजून जमत नाहीय. तू हात ठेवलास ना, मला बरं वाटलं. आई अशी गेली, मी तिला धूत होते, आणि मला बरं वाटलं. म्हणून मी उठले. तुझं काही चुकलं नव्हतं. हे सांगायला हवं होतं, ते न सांगता मी ग्रंथ सांगितला."

चष्मेवाल्याने पुसलेली काच पुन्हा पुसली. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. ग्रंथात तेवढी सोय असेल."

"वेडा आहेस का?"

"मी चष्मेवाला आहे. दुसऱ्यांचंच बघतो." तो हसला, पण डोळे लाल झाले होते, आणि ते लपवायला त्याने चष्मा चढवला. "मग आता ठरवायचं? समोरासमोर बसलोच आहोत."

"ठरवू या. दोघांचं घर माग. खोली एक, खाटा दोन."

"कधीपर्यंत?"

तिने खरंच विचार केला. त्याने थांबून तिला तो करू दिला.

"घर लागेपर्यंत," ती म्हणाली. "सामान लावून होईल, पडदे होतील. तेव्हा पुन्हा असे बसू आणि बोलू."

"आणि मध्येच मला राहवलं नाही तर?"

"हाक मार. मला जमत नसेल तर तसं सांगेन. आणि मला राहवलं नाही तर मीही मारीन. दोष नाही."

त्याने तिथल्या तिथे फोन उचलला. इस्पितळातल्या कुणीतरी बराच वेळ त्याला फोनवर थांबवून ठेवलं. "हो, दोघांचं," तो म्हणाला. "हो, बायको येतेय... खाटा? दोन द्या. वेगळ्या, हो. जोडलेल्या नकोत... नाही हो, भांडण नाही." त्याने फोनवर हात ठेवून तिला विचारलं, "बाई विचारतायत, नंतर जोडून देऊ का?"

"म्हणावं, आम्हीच जोडू," थोरली म्हणाली.

दारात एक म्हातारे गृहस्थ मोडकी काडी हातात धरून उभे होते. थोरली खुर्चीतून उठली, त्यांना जागा करून दिली आणि आपली पर्स उचलली. वडिलांकडे जायचं होतं, ग्रंथ शिकंजात होता आणि पुठ्ठ्याचं कापड निवडायला त्यांनी तिला बोलावलं होतं. तिने टेबलावर ठेवलेल्या नवऱ्याच्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला. तो हलला नाही.

"रविवारी येताना काय आणू?" त्याने विचारलं.

"काही नको," ती म्हणाली. "रिकामी पिशवी घेऊन ये. मोठी."